पायात निघालेली विहीर

चौल, ४ जानेवारी १९५८

चि. दिलावर यास थोरल्या बहिणीची दुवा. सलाम वि. वि.

तुझ्या नव्या घराचा पाया खणताना कमरेइतक्या खोलीवर भाजल्या मातीची मोठाली कडी निघाली. एकावर एक रचलेली, खाली उतरत गेलेली. गडी फोडायला निघाले, मी थांबवलं. शाळेतले जाफर मास्तर धावत आले आणि लेंग्यासकट चिखलात बसले. म्हणाले, ही दोन हजार वर्षांपूर्वीची विहीर. घाटावरून बैलांच्या पाठीवर कापड यायचं, इथं जहाजांवर चढायचं. त्या व्यापारावर इथं शहर वाढलं, ही त्यातल्या कुणाच्या तरी परसातली. मुंबईचे जाणकार येईपर्यंत काम थांबवा म्हणाले. मी हो म्हटलंय. रागावशील, ठाऊक आहे. थंडीत कान झाकत जा.

लोभ आहेच, रागातही असू दे.
तुझी जाहिदा आपा

अल रुवैस, २६ जानेवारी

ती. आपास सलाम वि. वि.

घर उभं राहिल्याशिवाय अमिना देणार नाही, असं तिच्या वडिलांनी बजावलंय. ईदनंतर निकाह. इथं आखातात दिवसभर होड्यांच्या फळ्या ठोकतो ते कशासाठी? विहीर बुजव, विषय खलास.

ता. क. इथल्या म्हाताऱ्या नाखव्याला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, तो व्यापार संपलाय कुठं? आमच्या किनाऱ्यावर सागाचं झाड उगवत नाही; आजोबांपासून आमच्या होड्या तुमच्याच लाकडाच्या. तरीपण आपा, बुजव.

तुझा, मायेचा हक्क सांगणारा,
दिलावर

चौल, १८ फेब्रुवारी

चि. दिलावर यास दुवा. सलाम वि. वि.

बुजवली नाही. मी स्वतः अमिनाच्या वडिलांकडे, फजलचाचांकडे गेले. त्यांनी चहा पाजला आणि शब्द म्हणजे शब्द, एवढंच म्हणाले. रडत परतले.

तिसऱ्या दिवशी अमिना आपल्या मावशीला, रबिया खालाला घेऊन आली. जमिनीवर पालथी पडून आत बघत राहिली. कडी किती, असं मास्तरांना विचारलं. त्यांनी मोजलीच नव्हती. तिनं मोजली, अकरा. घरी जाऊन वडिलांना म्हणाली, मी जुन्या घरात नांदेन, नवं सावकाश बांधू. चाचा दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. काल निरोप आला, तारीख ठरलेलीच राहील. नवा पाया माझ्या पानवेलीच्या जागी आखलाय. वेल काय, पुन्हा लावीन.

वाट पाहणारी,
जाहिदा आपा

अल रुवैस, ९ मार्च

ती. आपास सलाम वि. वि.

महिनाअखेरच्या बोटीनं निघतोय. माझं मागलं पत्र चुलीत घाल, अमिनाला दाखवू नकोस. नाहीतर दाखवच.

तिच्याशी पहिलं काय बोलावं, हे मला दोन वर्षं सुचत नव्हतं. आता विचारणार आहे, वाकून पाहिलंस तेव्हा आत पाणी दिसलं का?

माझ्यावरची माया आटू देऊ नये.
तुझा दिलावर