शेवटचे फर्मे

मी, खाली सही करणारा, धंदा पुस्तकबांधणी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. लिहिण्याची रीत व्हिक्टोरिया राणीच्या काळातील एका कादंबरीकाराच्या भाषांतरांतून शिकलो. त्याने कपाटभर कादंबऱ्या लिहिल्या व दर दुसरीत एक मृत्युपत्र आहे.

कलम १. दुकान, वरची माडी व दाबयंत्र मुलीस. जावयाने दाबयंत्रावर कपडे वाळत घालू नयेत.

कलम २. सदर कादंबऱ्या मेहुण्यास, म्हणजे दिवंगत पत्नीच्या धाकट्या भावास, औषधवाल्यास. कारण नमूद करतो.

पत्नी अंथरुणास खिळली असता मी तिला रोज वाचून दाखवीत असे. हा लेखक घाई करीत नाही. एका पुस्तकात भांडलेला पाद्री दुसऱ्यात आजोबा होऊन भेटला, तेव्हा "आला बाई आपला भांडखोर!" म्हणून ती उठून बसली होती. पुढच्या कादंबरीतील आजारी मुलीवर तिचा जीव जडला. औषध घेऊन आलेला मेहुणा दारातूनच बोलला, "ताई, ती पोरगी शेवटी मरते. कशाला कान झिजवतेस?"

पत्नी म्हणाली, "मिटा हो पुस्तक. मरणारीशी आणखी ओळख कशाला वाढवायची?" पुन्हा तिने ऐकले नाही. त्याच महिन्यात गेली.

नंतर मी एकट्याने ते पुस्तक संपविले. मुलगी मरत नाही. शेवटच्या पानावर ती आपल्या घराच्या खिडकीला पडदे लावते. जाब विचारला तर मेहुणा म्हणतो, "मी कुठं वाचलंय, भावजी? असल्या पुस्तकांत मरतंच की कुणीतरी!"

औषधांचे दुकान विकून तो रिकामा बसला, तेव्हा मुद्दाम एक कादंबरी वाचावयास दिली. आता "भावजी, बाकीची कधी?" म्हणत माझा जिना झिजवतो. बाकीची माझ्यामागे.

कलम ३. त्या प्रत्येक पुस्तकाचा शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेली अखेरची पाने, मी उसवून काढला आहे व पुस्तक पुन्हा नीट बांधले आहे. हे कळूनही त्यास वाचल्यावाचून राहवणार नाही. काढलेले फर्मे मुलीस. मामाने शेवट विचारल्यास तिने एवढेच सांगावे: "मरतंच की कुणीतरी."

कलम ४. पडद्यांचा फर्मा मात्र माझ्या छातीवर ठेवून मला अग्नी द्यावा. तेवढा वाचून दाखवायचा राहिला आहे.

मेहुणा साक्षीदार होण्यास उत्सुक होता. ज्यास काही मिळावयाचे आहे त्याने साक्ष देऊ नये, असे सांगताच खूश होऊन गेला.

साक्षीदार: १. शेजारचा चष्मेवाला (सही)
२. पत्नीच्या डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: दुकानावरील माडी
दिनांक: ९ नोव्हेंबर
सही: पुस्तकबांधणीवाला