माझा देह पायांच्या संशोधनाला

मी, मारोती सदाशिवराव ढोके, वय एकाहत्तर, राहणार नेर, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला साखर आहे; बुद्धी शाबूत आहे.

१. राहते घर व शेतीची अवजारे चिरंजीव कपिल याला. मागची खोली मात्र वणीला दिलेली मुलगी प्रेरणा हिची. ती माहेरी आली की कुलूप नसावे.

२. वावर व बँकेतील ठेव दोघांत समान. प्रेरणाकडून हक्कसोड लिहून मागू नये.

३. माझी दिवंगत पत्नी कोकिळा हिचे वावरातले जोडे फेकू नयेत. आमच्या घरी पेरणीपासून रास उचलेपर्यंत वावरात अनवाणीच जायचे, अशी रीत. साखरेने तिचे तळवे बधिर झाले होते. कपाशीच्या पऱ्हाटीचा खुंट तळव्यात घुसला, तिला कळले नाही. जखम चिघळून एक बोट गेले. यवतमाळच्या दवाखान्यात अशाच पायांवर संशोधन सुरू होते. तिथल्या डॉक्टर बाईंनी पाय वाचवला आणि मऊ तळाचे जोडे दिले. कोकिळा म्हणाली, "बाई, रस्त्याचे जोडे काळ्या आईवर कशे नेऊ?" बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त वावरासाठी, धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच ठेवायचा दुसरा जोड करून दिला. पुढे संशोधनातल्या सगळ्याच शेतकरी बायांना तसा दिला.

माझे थोरले बंधू नानाजी यांना ते खपले नाही. "मारोती, बायकोले साहेबीण बनवलं काय रे? वावरात जोडे!"

कोकिळा डोक्यावरचा पदर सावरून मलाच म्हणाली, "भासऱ्यांले सांगा, पाय गेला तर निंदायले तेच येतीन काय?"

दोन वर्षे भाऊ आमच्या धुऱ्यावर आले नाहीत. ती मात्र शेवटपर्यंत आपल्या पायांनी वावरात गेली. त्या डॉक्टर बाईंचे उपकार मी विसरू शकत नाही. झिजलेले तळ त्यांना तपासायचे आहेत, म्हणून जोडे त्यांना द्यावेत.

४. आपला देह त्या संशोधनाला द्यावा, अशी कोकिळाची इच्छा होती. वणीला हृदयविकाराने ती अचानक गेली, कागद झाले नव्हते. तिच्या जागी माझा द्यावा. माझेही तळवे आता बधिर आहेत, त्यांच्या कामी येतील. अग्नी देऊ नये.

घरच्यांनी नकार दिला तर त्या दवाखान्याचे मेडिकल कॉलेज देह घेत नाही, आणि आमच्या घरात नानाजींच्या शब्दाबाहेर कोणी नाही. म्हणून साक्षीदार म्हणून त्यांचीच सही मागत आहे. त्यांनी नाही केली तरी माझा राग नाही. वडिलांमागे त्यांनीच मला शिकवले.

ठिकाण : नेर
दिनांक : १८ जानेवारी २०२६
सही : मारोती सदाशिवराव ढोके

साक्षीदार :
प्रेमसिंग राठोड, शेजारी (सही)

नानाजी सदाशिवराव ढोके (सही)
सगळं वाचलं. देहाचं मले पटलं नाही. पण मी आडवा येणार नाही, अन् कोणाले येऊ देणार नाही.