आठव्या मजल्यावरून नळीतून उतरण्यापूर्वी

मी, चिझुरु हिराओका, वय तेवीस, राहणार ओसाका, हानाबिशिया या नऊ मजली दुकानातील लिफ्ट क्रमांक तीनची चालक आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र दुपारच्या सुट्टीत, स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल आईचे मत वेगळे आहे.

कारण असे. आम्हा दोनशे मुलींची कपडे बदलण्याची खोली आठव्या मजल्यावर आहे आणि तिथून खाली यायला एकच अरुंद जिना. आग लागली तर? खिडक्यांना कॅनव्हासच्या नळ्या बसवाव्यात, आत शिरले की माणूस घसरत थेट रस्त्यावर, असे चार अर्ज मी केले. व्यवस्थापक मुरोझुमी साहेब म्हणाले, "नमुन्याला एक नळी मागवतो. एकीनं तरी उतरून दाखवा, चार नळ्या घेतो. नाहीतर त्या पैशांत गच्चीवर मुलांसाठी दुसरा आकाशपाळणा बसवू." मी म्हणाले, "मी उतरते." उद्या सकाळी, दुकान उघडण्याआधी.

१. माझे पांढरे हातमोजे लिफ्ट दोनच्या सुमिए ओकुदाला. एक जोड तिने आधीच "चुकून" नेला आहे. उरलेले पाच जोड.

२. पोस्टातली बचत धाकट्या बहिणीच्या कॉलेजसाठी. लग्नासाठी नव्हे. मावशीने वाचून दाखवताना हे वाक्य गाळू नये.

३. हानाबिशियाचा वेष्टणाचा कागद, जो आई इस्त्री करून गादीखाली ठेवते, तो आईचाच. बाबांनी एकदा आपल्या छोट्या तोफूच्या दुकानातला तळलेला तोफू त्यात गुंडाळून शेजारच्या बाईंना दिला. "हानाबिशियाची चव काही वेगळीच!" असे त्या अजून म्हणतात. त्यांना खरे सांगू नये.

४. पदवीचे प्रमाणपत्र बाबांच्या कढईच्या वर टांगलेले आहे, त्यावर तेल उडते. ते तिथेच राहू द्यावे. काल त्याच्याच खाली आई म्हणाली, "खिडकीतून उडी मारायला शिकवलं का तुला?"
"उडी नाही गं, घसरायचं."
"मग घसरगुंडीला पदवी कशाला लागते?"

५. लिफ्टप्रमुख त्सुजिनोबाईंना माझी टोपी. त्यांनी बजावले आहे, "टोपी वाकडी होता कामा नये. आणि खाली पोचलीस की तीस अंशांत वाकून अभिवादन करायचं."

६. मुरोझुमी साहेबांना माझे चारही अर्ज, तारखांच्या क्रमाने.

मी धडधाकट पोचले तर हे सर्व रद्द, आणि हातमोजे त्याच दिवशी परत.

ओसाका, ९ ऑक्टोबर १९५८
चिझुरु हिराओका (सही व शिक्का)
साक्षीदार: सुमिए ओकुदा (माझ्याकडचा धरून सहा जोड आहेत, मी मोजले), हात्सुए त्सुजिनो

१० ऑक्टोबर, सकाळी नऊ चाळीस. वरील सर्व रद्द. टोपी सरळ आहे. सवयीने मी वाटभर ओरडत आले म्हणे, "सातवा मजला, भोजनगृह! सहावा, गाद्या आणि पडदे!" माझ्यामागून एकोणीस जणी उतरल्या, त्यातल्या सहा पुन्हा रांगेत आहेत. चार नळ्यांच्या मागणीवर साहेबांनी वरच, खिडकीत उभे राहून शिक्का मारला. मग खालून सगळ्या ओरडल्या, "आता तुम्ही, साहेब!"

एक पाय नळीत घालून ते अजून वरच उभे आहेत. आत्ताच त्यांचा निरोप आला, "हिराओका-सान, ते मृत्युपत्र सुरू कसं करायचं असतं?"