साक्षीदाराची सही

ड्वेन,

माझा मतपत्रिकेचा लिफाफा टेबलावर दिसणार नाही, तो काल पोस्टाने गेला. घरून मत द्यायचं तर साक्षीदार लागतो. त्याला आधी कोरी मतपत्रिका दाखवायची, त्याच्यासमोर, पण मत कुणाला ते दिसू न देता, खुणा करायच्या, मग तो लिफाफ्यावर सही करतो. इतकी वर्षं तुझी आई माझी साक्षीदार आणि मी तिचा, त्यामुळे कधी अडलं नाही.

या वेळी ती नाही, पण म्हटलं, तू आहेस. पाच दिवस पेन घेऊन स्वयंपाकघरात बसलो. तू मिलमधून येतोस, फ्रिज उघडतोस, "बरं आहे ना?" विचारतोस आणि मी "हो" म्हणेपर्यंत जिना चढलेला असतोस. शेवटी टपालवाल्या ट्रुडीलाच आत बोलावलं. "आर्विड, मी बघत नाही हं," म्हणत ती खिडकीकडे तोंड करून बसली. दोन मिनिटांचं काम, मी वीस मिनिटं लावली. कॉफीही पाजली तिला.

मी खुब्याच्या डॉक्टरकडे चाललोय, दोनपर्यंत येईन. बटाट्याचं सूप गरम करून घे.

तुझी मतपत्रिका आली आहे, फ्रिजवर लावली आहे. मतदार नोंदणीत पत्ता इथला केलास ते बरं झालं, नाहीतर ती तुमच्या जुन्या पत्त्यावर, कार्लाच्या घरी गेली असती. भरून ती निवडणूक बघणाऱ्या क्लार्कच्या ऑफिसात मंगळवारी रात्री आठच्या आत पोचायला हवी.

साक्षीदार तुलाही लागेल. मी घरीच असतो.

बाबा