सोबत : स्टीलचा डबा एक

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार

एकोणीस कामगारांच्या कारखान्यात एखाद्याचं बोट तुटलं, तर ते कोणाच्या हद्दीत पडतं? मला माहीत नाही. प्रश्न माझा नव्हे. आमच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळणारे बाबाराव आहेत, त्यांनी मी रुजू झाले त्या दिवशी विचारला होता. म्हणाले, मॅडम, मशीन विजेवर चालत असन अन् वीस माणसं असन तं तुमचा कायदा लागू. मंग एकोणीसवाल्या कंपनीत बोट कटलं तं ते कोणाचं? मी म्हटलं, बघून सांगते. तर म्हणाले, तुमच्या आंधीचे साहेबही हेच म्हणत होते, रिटायर झाले.

राग आला. शुक्रवारपर्यंत उत्तर शोधायचं.

माझं पद : निरीक्षक तथा सुविधाकर्ता. म्हणजे चूक पकडणारी मीच आणि चुकणाऱ्याला मदत करणारीही मीच. पदं दोन, खुर्ची एक, तिचंही एक चाक गायब. प्रोबेशन दोन वर्षं.

संकल्प : आठ आठवड्यांत चाळीस कारखाने. माझ्या हद्दीत एकही बोट तुटणार नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ७

आईशी भांडण, डब्यावरून. मी बी. ई. झाले तेव्हा तिनं इतवारीतून तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा आणला आणि त्याच्या पोटावर कोरून घेतलं : कु. पायल देवराव गजभिये, बी. ई. मेकॅनिकल, २०२३. घरातली पहिली ग्रॅज्युएट ना. ठिपक्याठिपक्यांची ही मोठाली अक्षरं. असा डबा घेऊन ऑफिसात कोण जाईल? मी प्लास्टिकचा नेते. मग तो आईच वापरते. आज पुन्हा तेच. म्हणाली, नको नेऊ वं, माह्याजवळच राहू दे. डब्यावर बी. ई. आहे म्हणून माह्या वांग्याले कोणी नावं ठेवत नाही.

बाबा गेल्यापासून ती एका ठेकेदारामार्फत कामाला जाते. पॅकिंग. बसून काम, एकदम सेफ. कंपनी कोणती, ते कधी नीट विचारणं झालं नाही. माझी नोकरी लागली की तिला घरी बसवणार होते. ऐकत नाही. एप्रिलपासून नक्की.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबारावांचं उत्तर मिळालं नाही. पुढच्या शुक्रवारी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्या सहीची पहिली नोटीस गेल्या आठवड्यात गेली. हिंगणा रोडवर प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना. पाहणी आज अकराला. आम्ही सात दिवस आधी कळवतो. काही लोक हसतात त्याला. हसू देत, पारदर्शकता म्हणतात याला.

पाहणी झाली नाही. गाडी दुसऱ्या साहेबांना दिली. नवी तारीख : मंगळवार, १७. इतकी चिडले की चहा घेतला नाही.

आई दिवसभर घरी. तिच्या मालकानं सुट्टी दिली होती. बरं वाटलं, निदान एका मालकाला माणुसकी आहे. पण संध्याकाळी ठेकेदाराचा फोन : आजची सुट्टी फुकट गेली, आता मंगळवारी. आईच्या मालकाला कामाचं नियोजन म्हणून येत नाही. अशा माणसाची पाहणी करायला मिळाली पाहिजे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

धाड!

नोटिशीत अकरा लिहिलं होतं, मी दहाला पोचले. वॉचमनला गेटची किल्ली दहा मिनिटं सापडेना. त्याची भंबेरी बघून समाधान वाटलं. मालक आर्यन. रामदासपेठेत राहतो, माझ्याच वयाचा, वाक्यावाक्याला मॅम.

मी माणसं दोनदा मोजली. मग हजेरीपटाशी ताडून पाहिली. एकोणीस. माझ्या मोजण्यात चूक निघत नाही.

डब्यांचं रॅक फार नीटनेटकं. एकतीस डबे. मी लगेच पकडलं : माणसं एकोणीस, डबे एकतीस कसे? आर्यन म्हणाला, मॅम, नाश्त्याचा वेगळा, जेवणाचा वेगळा. अहवालात लिहिलं, 'कामगारांच्या आहाराकडे लक्ष दिले जाते.' रॅकचा फोटो जोडला. फोटो क्र. ६.

एक गोष्ट मात्र भयंकर. बादली काढायला मोल्डिंग मशीनचं दार उघडलं की मशीन थांबलं पाहिजे, त्यासाठी एक स्विच असतो. तो तारेनं बांधून टाकलेला. म्हणजे दार उघडं असलं तरी साचा मिटणार. आणि बादली काढणारा हात आतच. वीस माणसं असती तर मशीन तिथल्या तिथे बंद करवलं असतं. एकोणीस आहेत, म्हणून फक्त सल्ला. मी तीव्र सल्ला दिला. आर्यननं तो मोबाइलमध्ये लिहून घेतला. घेतला म्हणजे करणारच.

घरी आले तर आई आधीच आलेली. लंगडत होती. ऑटोतून उतरताना पडली म्हणे. सकाळपासून उपाशी, डबा कंपनीतच विसरला. इतका वेंधळेपणा! रस्ता-सुरक्षेवर अर्धा तास बोलले. ती भाकर खात ऐकत होती. म्हणाली, बराबर आहे तुहं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

अकरा कारखाने झाले. कामगार : १९, १८, १९, १९, १७, १९, १९, १८, १९, १९, १९. नागपूरचा लघुउद्योग किती आटोपशीर आहे! साहेबांना, म्हणजे मधुसूदन सरांना, तक्ता दाखवला. छान, म्हणाले. वाचला नाही.

बाबारावांनी वाचला. म्हणाले, मॅडम, या गावात एकोणीसच्या पुढं उजळणी कोणाले येतच नाही. सव्वीस वर्षं मी आवक घेऊन राहिलो, विसावा माणूस कागदावर आलाच नाही.

अशा नकारात्मक लोकांमुळेच देश मागे आहे. त्यांच्याशी कामापुरतं बोलायचं.

६ मार्च, शुक्रवार

राष्ट्रीय सुरक्षा दिन होळीच्या गडबडीत गेला म्हणून आज साजरा केला. माझं भाषण चाळीस मिनिटं. मधेच मागून तर्रीचा वास आला आणि मागच्या तीन रांगा पोह्यांकडे गेल्या. संताप झाला. 'आधी सुरक्षा, मग पोहे' असं मी माइकवरून म्हटलं. लोक हसले. विनोद नव्हता तो.

'सुरक्षित लघुउद्योग' प्रमाणपत्रासाठी सरांनी एक नाव मागितलं होतं. मी बादल्यांच्या कारखान्याचं दिलं. स्वच्छ रॅक, सल्ला ऐकणारा मालक. माझ्याच हातून प्रमाणपत्र दिलं. पेपरात फोटो येणार आहे.

१३ मार्च, शुक्रवार. दुपारी ४

आईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. भाजी चिरताना विळी लागली, असं म्हणते. मोठ्या सरकारी दवाखान्यात आहोत. मी तिच्यावर ओरडते आहे.

मी जगभर सुरक्षा सांगत फिरते आणि माझ्याच स्वयंपाकघरात हे! संकल्प : विळी माळ्यावर. चाकू, कटिंग बोर्ड. गॅसजवळ सूचनाफलक.

१४ मार्च, शनिवार

डॉक्टर तरुण आहेत, झोप न झालेले. मला बाहेर बोलावून म्हणाले, विळीनं बोट कापतं, चेंदत नाही. आणि जखमेतून हे निघालं. कापसावर निळ्या प्लास्टिकचा चुरा होता.

तो निळा रंग मी पाहिलेला होता. बादल्यांच्या ओळींत रचलेला, मगासकट.

आत येऊन विचारलं, आई, तू कोणत्या कंपनीत जातेस? तिनं आधी पट्टीचा हात चादरीखाली घेतला. मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते आहे, नाहीतर उद्या मीच बदलून टाकीन.

म्हणाली, काहून सांगू तुले? पॅकिंग दिवाळीपर्यंतच होतं. मंग मशीनवर लावलं. सेठनं सगळ्याइले उभं करून नोटीस वाचली. खाली तुही सही. ते मी ओळखतो, दहावीपासून पाहून राहिली. सेठ म्हणे, एक सुट्टी फुकट गेली, आता मंगळवारी कामावर या, मॅडम अकराले येतात, साडेदहाले बारा जण मागच्या भिंतीवरून जा. तं तू दहालेच आली माय! धावपळच धावपळ, डबे राहून गेले. मी बायाइले म्हटलं, भेऊ नका, हे माही पोरगी हाये, बी. ई. मेकॅनिकल. मंग मीच पहिली चढली भिंतीवर.

एवढं सांगून हसली. अभिमानानं हसली.

१६ मार्च, सोमवार

ऑनलाइन तक्रार केली, आईच्या नावानं : कौसल्या देवराव गजभिये. अर्जावर तिनं डाव्या हातानं सही केली, सात मिनिटं लागली. पुरावा भक्कम. स्विचबद्दलचा माझा सल्ला आहे, दवाखान्याचा कागद आहे. तीन दिवसांत मशीन बंद होईल, कारखान्याला आईचं नाव मान्य करावं लागेल, भरपाई मिळेल. कायदा आपल्या बाजूनं असला की माणूस शांत झोपतो.

२० मार्च, शुक्रवार

सर्व्हर डाऊन असेल.

बाबारावांना सांगितलं नाही. त्यांना सगळं माहीत आहे. माझ्या टेबलावर संत्रं ठेवून गेले.

२४ मार्च, मंगळवार

उत्तर आलं. उतरवून घेते :

'सदर आस्थापनेत १९ कामगार असल्याने कायदा लागू होत नाही. तक्रारदार महिलेचे नाव हजेरीपटावर आढळत नाही. तक्रार निकाली काढण्यात येत आहे. संदर्भ : पाहणी अहवाल दि. १७ फेब्रुवारी २०२६, निरीक्षक तथा सुविधाकर्ता कु. पा. दे. गजभिये.'

माझ्या आईला माझ्याच सहीनं नाकारलं.

सरांकडे गेले. दार आपटलं गेलं, मुद्दाम नाही. ते शांतपणे म्हणाले, गजभिये, बसा. अहवाल चुकला असं म्हणालात तर पहिली चौकशी तुमची. प्रोबेशनवर आहात. आणि आई तिथं कामाला होत्या याला साक्ष कोण? मी म्हटलं, सोबत भिंतीवरून उड्या मारलेले अकरा जण. सर म्हणाले, त्यांचे हात शाबूत आहेत, ते कामावर जातात. ते बोलतील?

नाही बोलणार. मीही त्यांच्या जागी बोलले नसते. हे लिहिताना स्वतःचाच राग येतो आहे.

२५ मार्च, बुधवार

स्वतःचा अहवाल पहिल्यांदा वाचला. लिहिताना वाचला नव्हता.

फोटो क्र. ६ मोठा करून पाहिला. तिसरी ओळ, डावीकडून पाचवा डबा. ठिपक्याठिपक्यांची मोठाली अक्षरं, लांबूनही वाचता येतात. कु. पायल देवराव गजभिये, बी. ई. मेकॅनिकल, २०२३.

मी त्याच्यापुढे दोन फुटांवर उभी होते. मोजत होते.

२७ मार्च, शुक्रवार

आईचा एकच धोशा : डबा कंपनीतच राहिला, आण. अपघाताच्या दिवशीचा. बोटांचं एकदाही बोलली नाही.

सुट्टी टाकून गेले. वॉचमन म्हणाला, मॅडम, नोटीस कुठं आहे? सात दिवस आंधी लागते. माझं ओळखपत्र, माझाच नियम, आणि मी गेटबाहेर उन्हात. दात-ओठ खाऊन साडेपाचपर्यंत उभी राहिले. शिफ्ट सुटली. मी मोजले. तेहेतीस.

त्यांतली जयवंता नावाची बाई (नाव नंतर आईनं सांगितलं) माझ्याजवळून गेली, न थांबता. पदराखालून डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, भाजी नासली होती, फेकली. घासून ठेवला. कौसल्याबाईले सांगजो, तिच्या मशीनवर आता मी आहो. आणि मॅडम, माहं नाव नका लिहू कुठंच.

स्विच? तसाच बांधलेला आहे म्हणे. प्रमाणपत्र फ्रेम करून त्याच्या वरच लावलंय.

(हिचं नाव इथे लिहिलं ते चुकलं. पण ही वही माझी आहे, ऑफिसची नाही.)

३० मार्च, सोमवार

सकाळी अर्ज लिहिला. एक पान. विशेषणं पाच होती, पाचही खोडली. 'माझा दि. १७ फेब्रुवारीचा अहवाल खोटा आहे. फोटो क्र. ६ मधील डबे मोजावेत. ते एकतीस आहेत. नाश्त्याचे नाहीत. तिसऱ्या ओळीतील पाचवा डबा माझ्या आईचा असून तो पुराव्यादाखल जोडत आहे. तपासणी पूर्वसूचनेशिवाय व्हावी.' खाली : 'सोबत : स्टीलचा डबा एक.'

आवक टेबलावर अर्ज ठेवला, त्यावर डबा ठेवला. बाबारावांनी चष्मा लावून डबा वाचला, मग अर्ज. म्हणाले, मॅडम, डब्याले स्टेपल कशी मारू? मी म्हटलं, तुमची सव्वीस वर्षांची नोकरी आहे, तुम्ही सांगा. त्यांनी ड्रॉवरमधून सुतळी काढली, आवक क्रमांकाची चिठ्ठी डब्याच्या कडीला बांधली आणि शिक्का मारला. सगळं ऑफिस बघत होतं. मग हळूच म्हणाले, त्या माह्या प्रश्नाचं? मी म्हटलं, नाही मिळालं उत्तर. बघून सांगते, असं म्हटलं नाही.

अकरा वाजता सरांचा शेरा आला. पहिली ओळ : 'कु. गजभिये यांचेकडील पाहणीचे काम काढून घ्यावे, खुलासा मागवावा.' दुसरी : 'आस्थापनेची फेरतपासणी करावी. नियमानुसार सात दिवसांची नोटीस द्यावी.'

ती नोटीस टाइप करायलाही माझ्याकडेच आली. टाइप केली नाही. बाबारावांकडे परत पाठवली.

सरांनी बोलावून सांगितलं, पाचपर्यंत विचार करा, पोचपावती परत दिली की अर्ज मागं घेता येतो. आवक वहीत खाडाखोड होते, काही बिघडत नाही. अगदी मायेनं म्हणाले. त्याचाच जास्त राग आला.

पोचपावती साडेबारालाच घरी नेऊन आईला दिली होती. तिनं ती डाव्या हातानं उलटसुलट करून पाहिली. म्हणाली, डबा कवा भेटन वापस? माहीत नाही, म्हटलं. तिनं पावती तांदळाच्या डब्यात खाली खुपसली, वर तांदूळ सारखे केले आणि डब्याला टेकूनच बसली. आता मलाही काढायची म्हटली तरी आधी तिला उठवावं लागेल.