मिठाच्या बांधावरचं वळण

प्रिय शेल्डन,

सांगते आहे मी, तुझी आजी, आणि लिहिते आहे तुझी आई. मी बोलते आपल्या घरच्या बोलीत आणि ती उतरवते शाळेच्या मराठीत, म्हणून कुठे मी शहाणी वाटले तर तो दोष ॲंजेलाचा. एकही शब्द गाळणार नाही असं तिच्याकडून क्रूसासमोर कबूल करून घेतलं आहे. मला अक्षर येत नसलं, तरी लिहिणाऱ्याचा हात कुठे अडतो ते दिसतं.

इकडे सगळे बरे आहेत. केळीला यंदा चांगले घड लागलेत. तुझ्या बापाचे, नेल्सनचे, गुडघे कुरकुरतात, पण तोंड त्याहून जास्त. फोटोतली तुझी दाढी पाहिली. तिकडे न्हावी मिळत नसेल तर आपल्या नाक्यावरचा पाठवते.

तुम्ही पाच मित्रांनी मिळून वाजवलेलं ऐकलं. नेल्सननं फोन टेबलावर ठेवला आणि आम्ही रोझरीच्या प्रार्थनेला बसतो तसे गोल बसलो. आधी तू राहतोस त्या वेल्सची ती नाचाची चाल. हॉर्नपाईप म्हणजे टोकाला बैलाचं शिंग लावलेली जुनी पिपाणी, तिच्यावरून नाचाला नाव पडलं, आणि ही चाल तिथल्या रेक्सहॅम गावच्या गड्यांची, हे तू फोनवर सांगितलं होतंस. कोणी बांधली ते कोणालाच ठाऊक नाही, म्हणून गावाचं नाव उरलं, असंही म्हणालास. मग तिच्या पाठोपाठ, श्वास न घेता, आपली भुईगावची लग्नातली चाल. दोन्ही एक पाऊल लांब आणि एक आखूड टाकत चालतात, एका आईच्या वाटतात, म्हणून तू त्या जोडल्यास. आता तुमची ती तबकडी निघणार आणि तिच्यावर छापणार, भुईगावचा हॉर्नपाईप, आजोबा सायमन यांच्याकडून मिळालेला. तुझ्या आईनं दोन रुमाल भिजवले. मी उठून चुलीवरचं कालवण बघायला गेले. आजीला भरून आलं, असं सगळे म्हणाले. मला काही भरून आलं नव्हतं. माझं तोंड कडू झालं होतं.

तुझ्या रेक्सहॅमचं मला माहीत नाही, पण चाल कोणाची हे ठाऊक नसलं की गावाचं नाव देतात, यावर माझा विश्वास नाही. ठाऊक असतं. नाव घ्यायचं नसतं.

तुझे आजोबा लग्नात क्लॅरिनेट वाजवायचे ते तू ऐकलं आहेस. पोटासाठी ते जूचंद्रच्या मिठागरात मुकादम होते, हे आपल्या घरात कोणी फारसं सांगत नाही. तिथे बायका डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरून ओळीनं चालायच्या. बांध वीतभर रुंद, एक पाय नीट पडला तर दुसरा कसाबसा. ओळीच्या पुढे पुतळाबाई. ती गायची आणि तिच्या गाण्यावर बाकीच्यांची पावलं पडायची. एक लांब, एक आखूड. तेच तुझं लंगडणं, बाळा. ते नाचाचं नाही, ओझ्याचं आहे. सायमन सावलीत उभे राहून ऐकायचे आणि घरी येऊन वाजवायचे. पुढे लग्नात विहिरीचं पाणी आणायला बायका निघाल्या की बँडवर तीच चाल, नवरी घरात आली की तीच. दुसऱ्या गावचे मागून घ्यायला लागले, आमच्याकडे ती भुईगावची वाजवा म्हणून. ती भुईगावची नाही, असं सायमननी कधी सांगितलं नाही. मीही नाही. बँडवाल्याची बायको म्हणून मला मान होता, आणि मान मला आवडायचा. अजून आवडतो.

मग तुझ्या आईबापाचं लग्न. मांडवात बँड सुरू झाला आणि पुतळाबाई आली. सायमननीच बोलावलं होतं तिला. इस्त्रीचं नऊवारी, हातात फुलांचा गजरा. चाल ऐकून ती हसली आणि शेजारच्या बायकांना सांगू लागली की ही माझी, मिठाची. माझ्या विहिणी तिथेच उभ्या होत्या. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुझी चाल? तुझ्या सात पिढ्यांत कोणी क्लॅरिनेट हातात धरलंय का? जा, मागच्या पडवीत पान वाढलंय, जेवून घे." बायका हसल्या. मी टोमणा चांगला मारते, हे तुला माहीतच आहे. ती जेवली नाही. गजरा मांडवाच्या खांबाला अडकवून निघून गेली. सायमननी सगळं पाहिलं आणि डोळे मिटून वाजवत राहिले. ते मरेपर्यंत आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललो नाही.

तुझ्या आईचा हात आत्ता अडला. म्हणते, तो गजरा मीच काढला होता, कोणाचा ते कळलं नव्हतं. लिही, बाई, हेही लिही.

मागच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मी नेल्सनला म्हटलं, मला जूचंद्रला ने. पुतळाबाई आता नातवाच्या फ्लॅटमध्ये राहते, चौथ्या मजल्यावर. ती शहाऐंशीची, मी एक्क्याऐंशीची. चौतीस वर्षांनी माफी मागायला गेले होते आणि तोंडातून निघालं काय, तर लिफ्ट चांगली आहे तुमची. तिनं बस म्हटलं नाही. नेल्सननं तुझं वाजवणं लावून फोन तिच्या कानाशी धरला. तिचं बोट मांडीवर चालायला लागलं. एक लांब, एक आखूड. मला वाटलं, झालं, विरघळली. तेवढ्यात तिसऱ्या फेऱ्याला बोट थांबलं आणि चाल पुढे निघून गेली. ती म्हणाली, "वलनावर चुकला. तुज्या घोवाला तवा पन जमला नवता."

बांध जिथे काटकोनात वळतो, तिथे टोपली सावरायला बाई क्षणभर थांबून दम घेते. गाणंही थांबतं. सायमननी टोपली कधी उचलली नाही, म्हणून तो दम त्यांना ऐकूच आला नाही. मी म्हटलं, तुझं नाव छापायला सांगते माझ्या नातवाला. त्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली, "नको. चुकी तुमची नि नाव माजा?" गाऊन दाखव म्हटलं, तर खिडकीकडे तोंड फिरवलं. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसते. आम्ही पाणीही न पिता परतलो. तिनं विचारलंच नाही, आणि मला मागायला तोंड नव्हतं.

तर शेल्डन, हे पत्र एवढ्यासाठी की ती चाल छापू नकोस. नुसतं आजोबांचं नाव काढून भुईगावचं ठेवलंस, तर पुतळाबाई पुन्हा मागच्या पडवीतच बसली म्हणून समज. चालीवर तिचं नाव घातलंस, तर ती तुला शाप देईल. तबकडीवर वेल्सवाल्यांची वाजव, ती कोणाची हे त्यांचं त्यांना बघू दे. आपली काढून टाक. तुझे मित्र रागावतील, पैसे गेले म्हणतील, गेले तर गेले. निघताना दारात मी तिला विचारलं होतं, पोरगा स्वतः शिकायला आला तर? ती म्हणाली, डोक्यावर टोपली घेऊन येऊ दे. ती थट्टा होती की होकार, मला कळलं नाही. थट्टा करणाऱ्याला दुसऱ्याची थट्टा कळत नाही. तू नाताळला येणार म्हणतोस. लवकर ये. तुझ्या सुट्टीसाठी आम्हा दोन म्हाताऱ्यांपैकी कोणी थांबून राहणार नाही. टोपली मी आणून ठेवली आहे.

तुझीच, खाली अंगठा उठवणारी,
फ्लोरा आजी