दुसऱ्यांच्या नावाने मारलेल्या बुड्यांचं उत्पन्न

ब्रह्मा घाट, काशी
आषाढ वद्य पंचमी

चि. बिंदुमाधव यास ताईचे आशीर्वाद. इकडे सगळे जिवंत आहेत. तुझ्या पोटाची तक्रार कशी आहे ते कळव, पण थोडक्यात. मागल्या पत्रात दोन पानं तेवढंच होतं आणि पत्र हातात पडलं तेव्हा मी जेवत होते. प्रभावतीला आशीर्वाद सांग. तिची तब्येत विचारत नाही, तुझ्याजवळ राहून असायची तशी असेलच.

माझा धंदा तुला ठाऊक आहे (तू साताऱ्यात बसून त्याला थेरं म्हणतोस, तेही इथवर पोचलं). देशावरच्या ज्या लोकांना काशीला येणं जमत नाही, ते मोबाइलवर एकशे एक रुपये पाठवतात, मी त्यांचं नाव-गोत्र उच्चारून गंगेत एक बुडी मारते. पुण्य त्यांना, पडसं मला. आमच्या श्रीनिवासाला हे आवडत नाही. रेल्वेतल्या साहेबाची आई चौऱ्याहत्तराव्या वर्षी भाड्याने आंघोळी करते म्हणजे काय! इतकी वर्षं नुसता कुरकुरायचा, यंदा कायदा काढला. म्हणे, आई, खात्यात पैसे येतात त्याचं रिटर्न भर, नाहीतर हे बंद कर. (त्याला वाटलं, म्हातारी तिसरीतून शाळा सुटलेली, फॉर्म बघूनच गार होईल.) आता धंदा बंद केला तर तंबाखूच्या पुडीसाठीसुद्धा सुनेच्या तोंडाकडे बघायचं, आणि ते तोंड तू बघितलेलं आहेस. तेव्हा मी उठले, चप्पल घातली आणि चौखंब्यातल्या रत्नाकर वकिलाकडे गेले.

हा इन्कम टॅक्सचा वकील आपल्यातलाच, पण वाक्य हिंदीत सुरू करून मराठीत संपवतो. त्याने विचारलं, धंदा काय लिहू? मी म्हटलं, दुसऱ्याच्या नावाने आंघोळ. त्याने कंप्यूटरची यादी वरपासून खालपर्यंत बघितली. मासेमारी होती, धोबीकाम होतं, पोहायला शिकवणं होतं, केस कापणं होतं. सरकारने माणसाला पाण्यात घालायच्या सगळ्या सोयी लिहिल्यात, पण पुण्याचा रकाना नाही. शेवटी त्याने ‘इतर सेवा’ लिहिलं. मग खर्च विचारला. मी आलं, सरसोंचं तेल, विरलेली तीन लुगडी सांगितली. तो म्हणाला, यंत्र वगैरे असेल तर त्याचा घसारा मिळतो, म्हणजे वस्तू वर्षभरात झिजली तेवढी सूट. मी म्हटलं, मग गुडघे लिही, दोन. तर हा वकील मला विचारतो, आजी, खरेदीची पावती आहे का? (एवढ्या बुद्धीला लोक फी देतात.)

पावत्या मोजल्या, वर्षाच्या सहाशे बारा बुड्या. कर शून्य. मी आनंदाने उठले, तेवढ्यात त्याने सहज विचारलं, सगळ्या मारल्यात ना? खोटं बोलले असते रे, पण त्याच्या डोक्यावर काळभैरवाची तसबीर होती आणि तो थेट माझ्याकडेच बघत होता. पौषात, ऐन संक्रांतीच्या गर्दीत, मी खोकल्याने अठरा दिवस आडवी होते. दोनशे चौदा बुड्या राहिल्यात. (एका जोशी कुटुंबातली सात माणसं मी एकाच बुडीत उरकली होती, पण ती एका गोत्राची होती, ते चालतं.) रत्नाकर म्हणाला, “फिर तो आजी, पैसे परत करा, नाहीतर काम दुसऱ्याकडून करवून घेतलं दाखवा. मजदूरी खर्चात टाकू.” परत कुठून करणार? त्या पैशाचा घरात गिझर बसवला. त्याच गरम पाण्याने आंघोळ करून श्रीनिवास मला गंगेत जाऊ नको म्हणून सांगतो. तेव्हा मजुरी दाखवली, रिटर्न गेलं, पोच आली. ती मी श्रीनिवासाच्या ताटाशेजारी ठेवली. त्याने वाचली, आमटी ओरपली आणि आणखी भात मागितला. धंदा राहिला.

बाकी ठीक. तेलकट खाऊ नकोस. प्रेम आहे तितकं आहे, पत्रात वाढवत नाही.

तुझी,
ताई

ता. क. – मजुराचं नाव लिहायला लागतं असं वकील म्हणाला. ऐन वेळी मला तुझंच आठवलं. दोनशे चौदा बुड्यांचे एकवीस हजार सहाशे चौदा रुपये तुला दिलेत, असं कागदावर आहे. मी सरकारला खोटं लिहिणारी बाई नव्हे. तेव्हा पूर उतरला की कोजागिरीच्या आत ये आणि ते खरं करून जा. रोज वीस मारल्यास तर अकरा दिवसांत सुटशील.

दुसरा ता. क. – मजुरी मागू नकोस. गेल्या माघात तू महिनाभर इथे जेवलास, ते मी खर्चात धरलेलं नाही.

तिसरा ता. क. – त्यातल्या अकरा बुड्या प्रभावतीने तुला न कळवता सांगितल्यात, तुझ्या नावाने, तुझी जीभ आवरावी म्हणून. त्या आधी मार. तिचे दोन फोन येऊन गेले, गुण का येत नाही म्हणून विचारत होती.